पट्ट्यावरची मेंढरं

मला बघायला आलेल्या पाहुण्यांत माझे सासरेही होते. बागायत किती, ऊस किती, हे त्यांनी सांगितलंच नाही. चहाचा कप खाली ठेवून ते माझ्या आईला म्हणाले, "आमच्या वस्तीवर गोड पाण्याची हीर हाय, बाई. पोरीला घागर घिऊन लांब जावं लागायचं न्हाय." माझं माहेर सुप्याकडचं, कोरडवाहू. उन्हाळ्यात पाणी आणण्यातच आमचा अर्धा दिवस जायचा. आईनं त्या एका वाक्यावर लग्न ठरवून टाकलं. नवऱ्या मुलाकडं तिनं नीट बघितलं की नाही, याची मला अजूनही शंका आहे.

सासरची वस्ती अंथुर्ण्याच्या शिवारात, एका ओढ्याच्या काठावर. हा ओढा पुढं नीरा नदीला मिळतो. विहीर ओढ्याला लागूनच, आणि पाणी खरंच गोड. वस्तीवर हापसा होता, पण त्याचं पाणी मचूळ. त्यात डाळ शिजायची नाही आणि चहा केला तर दूध नासायचं. त्यामुळं सगळ्या घरांच्या घागरी विहिरीवरच भरायच्या. नवरा लोणी देवकरला नव्या औद्योगिक वसाहतीत कामाला जायचा. शेत सासरे बघायचे आणि मी त्यांच्या हाताखाली. त्यांना सगळी वस्ती आबा म्हणायची, म्हणून मीही आबाच म्हणायची.

मला मुलगी झाली, ती रांगायला लागली आणि तेवढ्यात विहिरीचं पाणी बिघडलं. एकदम नाही. आधी कडेच्या दगडांवर शेवाळ वाढलं, मग पाण्यावर पोपटी साय धरायला लागली, मग वास सुटला. नव्वद सालानंतरचे ते दिवस. पाटाचं पाणी भरपूर, कारखाना जवळ, ऊस थेट ओढ्याच्या काठापर्यंत. युरियाची पोती फोडायची आणि वरून पाणी सोडून द्यायचं. उकिरडेही सगळ्यांचे ओढ्याकाठीच, कारण ती जागा कुणाच्या पिकाच्या आड येत नसे. पाऊस पडला की सगळं सुखानं ओढ्यात. पाणी का बिघडलं याचा विचार मात्र कुणी करत नव्हतं. जो तो वरच्या वस्तीकडं बोट दाखवायचा आणि वरची वस्ती तिच्याही वर.

त्या उन्हाळ्यात माझ्या मुलीला जुलाब सुरू झाले ते थांबेनात. एस.टी.नं तिला बारामतीला नेलं. आबांनी वाटेत तिला कुणाच्या हातात दिलं नाही. डॉक्टरांनी सलाईन लावली आणि विचारलं, पाणी कुठलं पिता? मी सांगितलं. ते म्हणाले, ते बंद करा. बंद करा म्हणायला काय जातं. मग प्यायचं काय? दोन वस्त्या ओलांडून तिसऱ्या वस्तीवरच्या एका विहिरीवरून मी पाणी आणायला लागले. तिथली मालकीण रोज तोंड वाकडं करायची. सुप्याची घागर माझ्या डोक्यावरून उतरली होती ती अंथुर्ण्यात परत चढली, आणि मला ज्याचा त्याचा राग यायला लागला.

अशात एक दिवस फटफटीवरून कृषी सहाय्यक आले. सगळे त्यांना साहेब म्हणायचे, वयानं माझ्याएवढेच असतील. आमच्या लिंबाखाली त्यांनी ओढ्याकाठच्या शेतकऱ्यांना बसवलं. बोलले अगदी सोपं. "खत म्हणजे पिकाचं जेवण. ते ओढ्यात गेलं की शेवाळाचं जेवण होतं. तुम्ही वाढता उसाला आणि निम्मं खातं शेवाळ. मग पाणी सडतं. हेच पाणी पुढं नदीत जातं, तिथंही तेच होतं." त्यासाठी शासनाची योजना होती. ज्याचं रान ओढ्याला लागून आहे त्यानं काठानं एक पट्टा सोडायचा. त्यात नांगर घालायचा नाही, युरिया टाकायचा नाही, शेणखत टाकायचं नाही. तिथं वाळ्याचं गवत लावायचं. त्याची मुळं खोल जातात आणि वरून वाहून येणारं खत धरून ठेवतात. उकिरडा काठावरून उचलून वर पक्क्या खड्ड्यात न्यायचा. या सगळ्याला अनुदान मिळणार होतं, निम्मं आधी आणि निम्मं गवत नीट धरल्याची पाहणी झाल्यावर. अट एकच होती. पट्टा सलग पाहिजे. मध्येच कुणी सोडला नाही तर त्याच्या रानातून सगळं खाली येणार, आणि मग कुणालाच काही नाही.

सगळ्यात आधी तात्या बोलले. तात्या म्हणजे आमच्या वरच्या अंगाचे शेजारी. त्यांचं रान नेमकं विहिरीच्या डोक्यावर. "साहेब, आमचं आयुष्य गवत काढण्यात गेलं. आता तुमी लावाया सांगताय." सगळे हसले. साहेबही हसले. मी दारात उभी होते, मला मात्र हसू आलं नाही.

आबा मूळचे मेंढरांमागचे. तरुणपण सगळं उघड्यावर गेलेलं. पाटाचं पाणी आलं तेव्हा मेंढरं विकून त्यांनी ऊस लावला, कारखान्याचे सभासद झाले. खांद्यावरचं घोंगडं मात्र तेवढं राहिलं. उशिरा मिळालेली जमीन, म्हणून तिच्यावर जीव फार. बांधाला कुणाचा फाळ लागला तरी ते दोन दिवस जेवत नसत. हा माणूस काठाची जमीन गवताला सोडेल असं मला वाटलं नव्हतं. ते उठले आणि एवढंच म्हणाले, "माझी नात बारामतीला सलाईनवर हुती. माझा पट्टा सुटला." आबांनी म्हटल्यावर बाकीच्यांना मागं राहणं अवघड झालं. कुरकुरत का होईना, तात्याही हो म्हणाले.

आषाढात ट्रॉली भरून वाळ्याची ठोंबं आली. ती आम्ही बायकांनीच लावली. ऊस लावताना आम्ही कुणी इतक्या मनापासून वाकलो नसू. प्रत्येकीला ती विहीर परत पाहिजे होती. खड्डे बांधून झाले, उकिरडे वर गेले, आणि ओढ्याचा काठ पहिल्यांदाच नुसता ओढ्याचा काठ दिसायला लागला.

पण श्रावण कोरडा गेला. त्या गवताला पाटाचं पाणी द्यायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण गवताला पाणी देणं हे आमच्याकडं खुळेपणाचंच. ठोंबं जगली पण पिवळी पडली. आमचा पट्टा सगळ्यांत उंचवट्यावर, म्हणून सगळ्यांत पिवळा. तात्या येता-जाता म्हणायचे, "आबा, तुमच्या पट्ट्याची दाढी पिकली की." दसऱ्यानंतर साहेब पाहणीला येणार असा निरोप आला तेव्हापासून आबांना झोप लागेना. आपल्या शब्दाखातर लोकांनी रान सोडलं आणि आपलंच गवत असं, हे त्यांना खात होतं. मी म्हटलं, परतीचा पाऊस आला की हिरवं होईल. ते नुसतं हं म्हणाले.

नवरात्र उठल्यावर मी मुलीला घेऊन महिनाभर माहेरी गेले. मी तिकडं असतानाच पाऊस झाला, चांगला दणकून. परत आले तेव्हा एस.टी. स्टँडवरून चालत येताना लांबूनच मला आमचा पट्टा दिसला. काळाभोर हिरवा, कमरेएवढा, वाऱ्यावर डुलणारा. बाकीच्यांचं गवत त्याच्यापुढं केविलवाणं. मला इतका आनंद झाला की घरात पिशवी टाकून मी तशीच घागर घेऊन विहिरीकडं गेले. पाण्यात आता फरक पडला असणार असं मी धरूनच चालले होते.

विहिरीवर बोटभर जाड हिरवा थर होता. वास इतका की मी पदर नाकाला लावला. पूर्वीच्या दुप्पट वाईट. ओढ्याच्या कडेला बघते तर चिखलात लेंड्याच लेंड्या.

आबा ओसरीवर दोर वळत बसले होते. मी घागर दाणकन खाली ठेवली.

"आबा, पट्ट्यात काय टाकलं?"

"काय न्हाय. पोरीची शप्पत. ना युरिया, ना शेणखत. साहेबाचा शब्द मोडला न्हाय म्या."

"मग लेंड्या कुठनं आल्या?"

"त्या व्हय. भाचा आलता मेंढरांचा वाडा घिऊन. मेंढरं बसवली पट्ट्यात. चार दिस बसली. बघितलंस न्हवं गवत कसं उसळलंय?"

"मग ते खतच झालं की, आबा."

आबांनी माझ्याकडं दयेनं बघितलं. "खत मानूस टाकतो. मेंढरू आपल्या पायानं येतं, बसतं, उठून जातं. त्येला खत म्हनत न्हाईत, पोरी."

हे कुणा बाहेरच्याला कळायचं नाही, म्हणून सांगते. आमच्या भागात मेंढरं रानात बसवायची जुनी रीत आहे. धनगराचा कळप आला की त्याला बोलवायचं. संध्याकाळी रानात वाघर, म्हणजे सुताची जाळी, गोल उभी करायची आणि त्यात मेंढरं रात्रभर ठेवायची. त्यांच्या लेंड्या आणि मूत रानाला मिळतं. मालकानं धनगराला जोंधळे द्यायचे, जेवण द्यायचं. सकाळी जाळी उचलून पुढच्या तुकड्यात. कळप कुणाच्या रानात किती दिवस बसणार याची पाळी ठरलेली असते आणि ती पाळी माणसं जिवापाड जपतात. आबांचा भाचा सुप्याकडून दरसाल यायचा आणि आबांची पाळी कधी चुकली नव्हती. ज्या रानात मेंढरू बसलं नाही ते रान उपाशी, असं ते म्हणायचे. त्या पिवळ्या पट्ट्याला त्यांनी जवळचं सगळ्यांत चांगलं ते दिलं होतं. जावयाला तूप वाढावं तसं वाढलं होतं, आणि पावसानं ते सगळं ताट ओढ्यात पालथं केलं.

हे मला आज कळतं. त्या दिवशी मी डोक्यात राख घालून घेतली. सासऱ्यापुढं आवाज चढवायची रीत नाही, म्हणून आवाज न चढवता जेवढं लागेल असं बोलता येतं तेवढं बोलले. आबा उठले, विहिरीवर गेले आणि बराच वेळ तिथं उभे राहिले. परत आल्यावर जेवले नाहीत. हापशावर बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या. तात्यांची बायको मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "आमी वाकून वाकून गवात लावलं आन ह्यांनी त्येच्यावर मेंढरं हागवली." खोटं काय होतं त्यात?

साहेब आले ते पाहणीला. काठावरूनच त्यांना आमचा पट्टा दिसला आणि ते हरखले. "आबा, तालुक्यात असं गवत नाही कुणाचं. फोटो काढायला पाहिजे याचा." आबा मान वर करेनात. मी चहा केला, हापशाच्या पाण्याचा. तो नासला. दुसरा करता आला असता, तिसऱ्या वस्तीवरचं पाणी घरात होतं. पण मी मुद्दाम तोच कपात ओतला आणि बाहेर नेला. साहेबांनी कपात बघितलं, तरंगणाऱ्या गुठळ्या बघितल्या. हळूच विचारलं, "विहिरीचं नाही वापरत अजून?"

मी आबांकडं बघितलं. गप्प बसायला त्यांना काहीच अडचण नव्हती. गवत तर डोळ्यांसमोर उभं होतं आणि साहेबांचा पेन खिशातून निघाला होता. आबांनी घोंगडं खांद्यावरून काढून मांडीवर घेतलं आणि सगळं सांगितलं. मेंढरं कधी आली, कुठं बसली, पाऊस कधी पडला. काही लपवलं नाही, काही झाकलं नाही. सगळी वस्ती ऐकत होती.

साहेब काठापर्यंत जाऊन आले. रागावले नाहीत. म्हणाले, "तुमच्या रानातलं खत ह्या पट्ट्यानं अडवलं, आबा. पण पट्ट्यावरच टाकलेलं कुणी अडवायचं? त्याच्या खाली तर ओढाच आहे." मग म्हणाले की यंदा दुसरा हप्ता लिहिता येणार नाही. योजना रद्दही करत नाही, पुढच्या वर्षी परत पाहणी करू. पट्टा सलग राहिला तर सगळ्यांचं अनुदान मिळेल.

हप्ता सगळ्यांचाच लांबला, त्यामुळं सगळ्यांचं तोंड फिरलं. बाकीचे बडबडून गप्प झाले, पण तात्यांनी जाहीरच केलं, ऊस तुटला की पट्टा नांगरून टाकणार. "मी काय मेंढरं बसवली न्हवती. मग माजं रान का आडकवायचं?" त्यांचंही बरोबर होतं. पण तात्यांचा पट्टा गेला की विहीर गेली, हे मला, आबांना आणि वस्तीवरच्या प्रत्येक बाईला माहीत होतं. आबा त्यांच्याकडं दोनदा जाऊन आले. तात्यांनी बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं आणि विषय काढू दिला नाही.

माघात ऊस तुटून गेला. तात्यांचं रान मोकळं झालं, नांगर बांधावर येऊन पडला. त्याच सुमाराला भाचा कळप घेऊन परत आला. तो आमच्या रानाकडं वळायला लागला, तर आबांनी हात केला आणि त्याला वरच्या अंगाला घेऊन गेले. मला म्हणाले, धनगराच्या भाकरी घेऊन तात्यांच्या रानात ये. मला काही उमगेना. भाकरी बांधून गेले तर वाघर उभी राहत होती आणि तात्या कमरेवर हात ठेवून समोर उभे.

"आबा, म्या न्हाय बोलावली मेंढरं."

"माजी पाळी हाय. तुला दिली."

"सगळी?"

"सगळी. हितं वरच्या अंगाला बसू द्यात. पट्ट्यापास्नं लांब. मेंढरं बसल्यावर युरिया किती लागतोय ते तूच बघ. पर पट्टा मोडू नगंस, तात्या. हिरीसाठी मागतोय."

आमच्या भागात पाळी कुणी कुणाला देत नाही. भाऊ भावाला देत नाही. तात्यांनी कमरेवरचे हात काढले आणि विचारलं, "आन तुमचं रान?"

"ह्या साली ऱ्हाईल उपाशी. माज्यामुळंच झालंय समदं."

तात्यांनी माझ्या हातातलं भाकरीचं गाठोडं घेतलं आणि माझ्या हातात परत दिलं. "ह्या घरी ने, सूनबाई. मेंढरं माझ्या रानात हाईत, तर भाकरी माझ्या घरची. जोंधळंबी मीच दीन." मग पोराला हाक मारून बांधावरचा नांगर गोठ्यात न्यायला सांगितला.

परत येताना मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आबा, मी तुमाला लय बोलले. पर तुमच्यावानी मानूस मी आजवर बघितला न्हाय." आबांनी मागं वळून बघितलं नाही. म्हणाले, "चल, चल. भाकरी गार व्हायल्यात." त्या भाकरी आम्ही दोघांनीच घरी येऊन खाल्ल्या. मला त्या वेळी फार बरं वाटत होतं.

त्या उन्हाळ्यात सगळ्या वस्तीनं मिळून विहीर उपसली. काळा गाळ निघाला, तो टोपल्यांनी वर नेऊन खड्ड्यात टाकला. ओढ्याकाठी कुणी ठेवला नाही, सांगावंही लागलं नाही. पाऊस झाला. वाळ्याचं गवत आता सगळ्यांचं सारखंच होतं, ना फार काळं ना पिवळं. आमचा ऊस त्या साली थोडा बसकाच राहिला, आबा त्याच्याकडं बघायचं टाळायचे. तात्यांचा ऊस मात्र अर्ध्या युरियावर डोक्याच्या वर गेला. तात्यांनी ते स्वतःहून चारचौघांत सांगितलं, आबांचं नाव घेऊन. दसऱ्यानंतर साहेब आले, काठानं चालत सगळा पट्टा बघितला आणि दुसरा हप्ता मंजूर करून गेले. खालच्या वस्तीचे लोक त्यांना ओढ्यातच गाठून विचारायला लागले, आमचं नाव घालता का.

विहिरीचं पाणी बाटलीत भरून तपासायला गेलं होतं. काही दिवसांनी निरोप आला की पाणी चांगलं आहे, पावडर टाकून प्यायला हरकत नाही. दिसायलाही स्वच्छ होतं, तळाचा दगड दिसत होता. तरी पहिली घागर भरायला कुणी पुढं होईना. आम्ही बायका विहिरीभोवती उभ्या आणि एकमेकींकडं बघतोय. कागदावर विश्वास ठेवणं वेगळं आणि पोराच्या तोंडाला पाणी लावणं वेगळं.

आबा आले. त्यांनी पोहरा सोडला, पाणी काढलं आणि तिथंच काठावर बसून तांब्याभर प्यायले. मी घागर पुढं केली तर म्हणाले, "आज न्हाय. उंद्या." दुपारी परत प्यायले, संध्याकाळी परत. जेवताना घरातलं पाणी त्यांनी हातात घेतलं नाही, विहिरीचंच पाहिजे म्हणाले. मला आधी वाटलं, म्हाताऱ्याला आपली विहीर मिरवायची आहे. मग कळलं ते काय करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ठणठणीत उठले. स्वतः विहिरीवर जाऊन तांब्या भरून आणला, ओसरीवर बसले आणि माझ्या मुलीला हाक मारली. ती धावत आली. त्यांनी तांब्या तिच्या दोन्ही हातांत दिला, खालून स्वतःचा हात धरून ठेवला आणि म्हणाले, "पी आता."

ती प्यायली आणि आणखी मागितलं.